तारेला लावलेला टेकू

अंगणावरून गेलेली विजेची तार खाली आली की आपल्याकडे पहिली आठवण बांबूची होते. टोकाला बेचकं असलेला वाळका बांबू शोधायचा, तारेखाली उभा करायचा, बुडाशी दोन दगड रचायचे. मी कऱ्हाड-वाळवा पट्ट्यात वायरिंगची कामं घेतो, वस्त्यावस्त्यांवर फिरणं होतं. टेकू लावलेल्या तारा इतक्या दिसतात की नवख्या माणसाला ती वीज कंपनीचीच पद्धत वाटावी.

माझं मत बऱ्याच जणांना आवडणार नाही, पण सांगतो. झोळ आलेल्या तारेपेक्षा टेकू दिलेली तार जास्त वाईट. नुसती लोंबकळणारी तार निदान डोळ्यांना खुपते. बायका ओरडतात, म्हातारी माणसं पोरांना हाकलतात, कुणीतरी फोन करतं. टेकू लागला की तक्रार तिथेच मरते. वायरमन येऊन बघतो, म्हणतो, "राहू द्या सध्या, साहेबांच्या कानावर घालतो." घरमालकही सुटला, वायरमनही सुटला. मग त्याच बांबूला शेळी बांधली जाते, कपड्यांची दोरी अडकवली जाते. बुडाला वाळवी लागते, आणि एखाद्या वळवाच्या पावसात बांबू आडवा होतो तो तार घेऊनच.

"अहो, पण बांबूतून करंट येत नाही." हे वाक्य मी प्रत्येक गावात ऐकलंय. कोरडा बांबू २३० व्होल्टच्या तारेला लावताना बऱ्याचदा काही होत नाही हे खरंच आहे, आणि घात त्यातच आहे, कारण एकदा काही झालं नाही की माणूस निर्धास्त होतो. भिजलेला बांबू, धूळ आणि पाणी बसलेला प्लास्टिकचा पाईप, ओली काठी यांच्यावर भरवसा ठेवण्यासारखं काहीही नाही. वरची लाईन ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची असेल तर कोरडा-ओला हा वादच सोडा, तिथे हात लावण्याइतकं जवळ जायचीही गरज पडत नाही. पायात रबरी स्लीपर आहे म्हणून तारेला हात घालणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

ही सवय लागते कुठे, तर मिरवणुकीत. गणपती-नवरात्रात मूर्तीची उंची दरवर्षी वाढते आणि ट्रॅक्टरच्या पुढे तारा वर उचलायला बांबू घेतलेला एक पोरगा असतोच. त्याला टाळ्याही मिळतात. तोच पोरगा पुढे घर बांधतो.

आता तारेला झोळ येतो कसा ते बघू. अर्धी तक्रार "कंपनीने तार ढिली सोडली" अशी असते, पण प्रकार तेवढा साधा नसतो. ५० मीटरचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर धरा. थंडीत पहाटेची तार आणि मे महिन्यातली, भर दुपारी लोड घेतलेली तार यांच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडू शकतो. तेवढ्याने ती तार जेमतेम ४ सेंटिमीटर लांबते. पण आधी अर्धा मीटर असलेला झोळ तेवढ्यानेच पाऊण मीटरच्या पुढे, जवळपास एक मीटरवर जातो. लोकांना हे पटत नाही, कागदावर काढून दाखवावं लागतं. म्हणून हिवाळ्यात ठीक वाटणारी लाईन उन्हाळ्यात पत्र्याला टेकायला येते, आणि म्हणूनच अशा तारा वाऱ्याने एकमेकींवर आपटून ठिणग्या पडतात नि ऊस जळतो.

खांबाचंही तसंच. काळ्या रानात उन्हाळ्यात माती भेगाळते, पावसात फुगते, खांब कलतो. त्याला धरून ठेवणारा ताण, म्हणजे खांबावरून जमिनीत गाडलेली तिरकी तार, नांगराला आडवा येतो म्हणून कुणीतरी सोडवलेला असतो. वर केबलवाल्यांच्या आणि इंटरनेटवाल्यांच्या वायरी लोंबतात. आणि कित्येक ठिकाणी तार जागेवरच असते, जमीन वर आलेली असते. गल्लीत काँक्रीटवर काँक्रीट पडतं, अंगणात भराव होतो, एक मजला चढतो. मग तार खाली आली म्हणून बोंब. वाढीव बांधकाम करण्याआधी वीज कंपनीला आणि विद्युत निरीक्षकाला लेखी कळवायचं असतं, आणि आपल्या बांधकामासाठी लाईन हलवायची तर खर्चही आपल्यालाच भरावा लागतो. हे गवंडी सांगत नाही. १२ मीटरची सळई स्लॅबवर वळवताना तिचं टोक कुठपर्यंत जातं ते बघायलाही सांगत नाही.

अंतरं लक्षात ठेवा, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांत आहेत. घरगुती लाईन रस्ता ओलांडत असेल तर जमिनीपासून किमान ५.८ मीटर, म्हणजे १९ फूट. रस्त्याच्या कडेने जात असेल तर ५.५. रस्ता सोडून इतरत्र उघडी तार असेल तर ४.६ मीटर, साधारण १५ फूट. घराच्या सर्वांत उंच भागापासून वर किमान २.५ मीटर आणि बाजूने १.२ मीटर. ११ केव्हीला वरचं अंतर ३.७ मीटर. मोजायला म्हणून टेप, काठी, पाईप काहीही वर न्यायचं नाही. सोपी युक्ती आहे: एलटी, म्हणजे घरगुती लाईनचा खांब बहुतेक ८ मीटरचा असतो, त्याचा सहावा हिस्सा जमिनीत, म्हणजे वर साधारण साडेसहा मीटर दिसतो. लांब उभं राहून खांब आणि झोळ दोन्ही येतील असा फोटो काढा. तार खांबाच्या कितव्या भागात आलीय ते फोटोतच कळतं. हा फोटो पुढे अर्जालाही लागतो.

पण घरात मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत असेल तर ती खांबावरून मीटरकडे आलेल्या सर्व्हिस वायरची. उघड्या तारेला माणूस घाबरून तरी असतो. सर्व्हिस वायरला रबर आहे म्हणून तिच्याखाली संसार मांडला जातो. ती झोळ खाऊन पत्र्याच्या कडेवर टेकते, वाऱ्याने घासत राहते, आणि एका ठिकाणी आतला कंडक्टर उघडा पडतो. मग सगळा पत्रा, त्याखालचे लोखंडी पाईप आणि पाईपला बांधलेली कपडे वाळत घालायची तार, सगळ्यात करंट. पावसाळ्यात ओले कपडे टाकायला गेलेली बाई, आणि तिला सोडवायला धावलेला नवरा नाहीतर मुलगा. अशी बातमी पावसाळ्यात तुम्हीही वाचली असेल. एका काकूंना मी म्हटलं, "काकू, ही कपड्यांची तार आधी काढा." त्या म्हणाल्या, "अरे, एवढ्या वर्षांत काही झालं नाही." त्यांच्या सर्व्हिस वायरचं रबर पत्र्याच्या कडेला अर्धं कापलं गेलं होतं.

इथे दोन गैरसमज फार आहेत. मेन स्विच बंद केला तरी ही वायर जिवंतच राहते, कारण ती मीटरच्या आधीची आहे. घरात बसवलेला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, चांगलाच, जरूर बसवा, पण तोही मीटरच्या पुढचा. पत्र्यात बाहेरून उतरलेला करंट त्याला दिसतच नाही. तेव्हा कपड्यांसाठी तार काढून नायलॉनची दोरी लावा, तीही पत्र्याच्या पाईपला किंवा विजेच्या खांबाला नको. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर टेस्टर शोधत बसू नका. सगळ्यांना तिथून लांब करा आणि लाईन बंद करून घ्या.

आणखी एक जीवघेणी समजूत म्हणजे "आत्ता लाईट नाहीये". शेतीच्या लाईनला पाळ्या असतात. थ्री फेज गेली म्हणजे तार मेली असं नाही, कित्येक ठिकाणी एक फेज चालूच असते. गेलेला फिडर, म्हणजे सबस्टेशनवरून निघालेली लाईन, कधी चार्ज होईल ते तुम्हाला कुणी विचारणार नाही. वर कुणाच्या जनरेटरचा किंवा चुकीच्या जोडलेल्या इन्व्हर्टरचा करंट उलटा लाईनवर येऊ शकतो. लाईट गेल्यावर तारेवरची फांदी तोडायला चढणारा माणूस सगळ्या गावाचा अंदाज खरा धरून चढत असतो.

आणि एक विनंती, ही मात्र कळकळीने. वायरमन आला की त्याला "चढ रे पटकन, दोन मिनिटांचं काम" म्हणू नका. त्याला आधी परमिट, म्हणजे लाईन बंद ठेवून काम करायची परवानगी, घ्यावं लागतं, लाईन बंद झाल्याची खात्री करावी लागते, डिस्चार्ज करून अर्थिंग लावावं लागतं. यात वेळ जातो, जाऊ द्या. आपण शिव्या घालतो, सरपंच फोन करतो, आणि कंत्राटी पोरगा हातमोज्यांशिवाय चढतो. मी स्वतः लायसनधारक आहे, पण मीटरच्या आधीच्या लाईनला हात लावत नाही. लोक म्हणतात भितो. म्हणोत.

तार तुटून पडलीच तर पंचवीस-तीस फुटांच्या आत कुणी जायचं नाही, जनावरंही नाहीत. ठिणगी नाही, आवाज नाही म्हणून तार मेलेली समजू नका. सुक्या जमिनीवर पडलेल्या तारेने डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज उडेलच असं नाही, आणि त्या फ्यूजच्या जागी जाड तार पिळलेली असेल तर विचारूच नका. चुकून जवळ असाल तर लांब ढांगा टाकू नका, दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून घासत घासत बाहेर या. दोन पायांतल्या अंतरातही शॉक बसतो. चिकटलेल्या माणसाला हाताने ओढायचं नाही. सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन करून फिडर बंद करायला सांगायचं. तो नंबर गावात कुणाकडे तरी असतो, आजच आपल्या मोबाईलमध्ये घ्या.

तक्रारीला १९१२ हा नंबर आहे. फोन करा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. शाखा अभियंत्याला लेखी अर्ज द्या, प्रत विद्युत निरीक्षकाला. हा निरीक्षक कंपनीचा माणूस नाही, सरकारचा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. कागदाला किती वजन असतं ते पुढे कळतं. १९९७ साली मध्य प्रदेशात पाणी साचलेल्या रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने सायकलवरून घरी निघालेला एक कामगार गेला. ती तार कुणीतरी वीजचोरीसाठी ओढली होती, आमचा दोष नाही, असा वीज मंडळाचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली तो मानला नाही. धोकादायक वस्तू हाताळणाऱ्याची जबाबदारी टळत नाही, असं सांगून भरपाई कायम केली. मात्र रोजच्या व्यवहारात "आमच्याकडे तक्रारच आली नव्हती" हे उत्तर ठरलेलं असतं, आणि टेकू लावून गप्प बसलेल्या घराकडे त्यावर दाखवायला काही नसतं.

अर्जात भाषा झाडू नका. ग्राहक क्रमांक, खांबावर नंबर असेल तर तो, कुठल्या दोन खांबांमधली तार, अंदाजे उंची, खालून कोण जातं (शाळेची मुलं, उसाची ट्रॉली), फोटोची तारीख. ताण तुटलेला असेल, खांब कलला असेल, तारा एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये लावलेले स्पेसर गळून पडले असतील तर तेही. आधीपासून टेकू असेल तर "सदर तारेस बांबूचा आधार दिलेला असून तो कुजलेला आहे" असं स्पष्ट लिहा, आणि तो बांबू स्वतः काढायला जाऊ नका, लाईन बंद करून त्यांनाच काढू द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. आवक-जावकवाला म्हणेल, "ठेवून जा, साहेब आले की बघतील." तिथेच बसून राहा.