दोन राजे आणि सासूबाई

चांदीची जुनी नाणी जमवतो म्हटलं की नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे झळझळीत ढीग उभा राहतो. बर्मिंगहॅमला घरी येऊन बघतात तेव्हा ट्रेमध्ये निघतात काळपट, झिजक्या चकत्या. मग बराच वेळ कुणी बोलत नाही आणि शेवटी कुणीतरी विचारतं, "मोडीत किती जाईल?"

या छंदात पैसा जातो, रविवार जातात, त्याचं काही नाही. खरा छळ असतो समजावून सांगण्याचा. गेल्या वर्षी सांगलीहून सासूबाई आल्या आणि दुसऱ्याच दिवशी ट्रे बघून म्हणाल्या, "जावईबापू, चिंच आहे का घरात? लख्ख करून देते."

मी ट्रे छातीशी धरला. आई, तो काळेपणा दोनशे वर्षांचा आहे, त्याचेच पैसे मोजलेत, हे मी म्हणालो खरं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने छताकडे पाहिलं.

मग मी इतिहास काढला. फेब्रुवारी १७९७. फ्रान्सशी लढाई चाललेली. फ्रेंच फौज वेल्सच्या किनाऱ्यावर उतरली म्हणताच लोकांनी सोन्यासाठी बँकांकडे धाव घेतली आणि बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोनं देणंच थांबवलं. चांदीच्या नाण्यांचा दुष्काळ तर आधीपासूनच. बँकेकडे होते स्पॅनिश डॉलर, म्हणजे स्पेनच्या राजाचं डोकं असलेली चांदीची नाणी. मग चांदीच्या भांड्यांवर कर भरल्याची खूण म्हणून इंग्लंडच्या राजाच्या, तिसऱ्या जॉर्जच्या डोक्याचा जो इवलासा लंबगोल ठसा मारत, तोच घेतला आणि दिला ठोकून स्पेनच्या राजाच्या मानेवर! भाव ठरला चार शिलिंग नऊ पेन्स. लोक कशाला सोडतात? दोन राजांची डोकी, तरी क्राऊनची किंमत नाही, म्हणाले. क्राऊन म्हणजे पाच शिलिंग.

"म्हणजे परक्याचं नाणं, त्यावर आपला शिक्का," सासूबाई म्हणाल्या. इंग्रजांच्या आर्थिक धोरणाचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्याही कॅटलॉगमध्ये वाचलेलं नाही.

तो ठसा चोरांनाही मारता येऊ लागला. १८०४ मध्ये ठसा मोठा आणि अष्टकोनी केला, त्याचीही नक्कल झाली. शेवटी इथल्याच सोहो टांकसाळीच्या मॅथ्यू बोल्टनने वाफेच्या यंत्राखाली अख्खं स्पॅनिश नाणं घालून दोन्ही बाजू नव्याने छापल्या आणि पाच शिलिंगांचा डॉलर तयार झाला. पण जुना राजा काही पुरता बुजला नाही. जॉर्जच्या कानामागे एखादं स्पॅनिश अक्षर, कडेला जुन्या सालातला एखादा आकडा डोकावतो. तेवढं दिसावं म्हणून मी भिंग डोळ्याला लावून टेबलावर ओणवा असतो. छपाई जितकी फसलेली, तितका आमचा आनंद मोठा. हे पटवून देणं मात्र मी सोडून दिलंय.

नंतर निघालं १८११ चं तीन शिलिंगांचं टोकन, म्हणजे नाण्याऐवजी चालावी म्हणून बँकेने काढलेली चांदीची चकती. एका बाजूला चिलखत घातलेला जॉर्ज, दुसरीकडे ओकच्या पानांच्या वेढ्यात 'बँक टोकन'. सासूबाईंनी ते सरळ उचललं आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर टाकलं. माझा जीव गेला.

"बद्द वाजतंय," त्या म्हणाल्या. "आमच्या आजेसासूबाई राणीछाप रुपया असा वाजवून घ्यायच्या. ह्याला खणखणाट नाही. फसवलं तुम्हाला."

मी धावत जाऊन ते भिंगाखाली धरलं. जॉर्जच्या नाकाच्या शेंड्यावर आणि दंडाच्या चिलखतावर चांदी उडून तांबूस ठिपके दिसत होते. तांब्यावर चांदीचा मुलामा! त्या काळातल्या कुणा इंग्रज भामट्याने पाडलेलं, त्याच काळात चाललेलं खोटं टोकन. अशी जमवणारे वेगळेच असतात आणि आता त्यांच्यात मीही होतो. मी उडी मारली.

"खोटं निघालं म्हणून नाचताहेत," सासूबाई लेकीला म्हणाल्या. "आधी माहीत होतं का गं हे आपल्याला?"

तेव्हापासून नाण्यांच्या बाजारातून आणलेला प्रत्येक माल आधी त्यांच्यापुढे जातो. फरशीऐवजी आता बोटाच्या टोकावर तोलून, दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारायची, एवढं मी कबूल करून घेतलंय. १९२० नंतरचे शिलिंग वाजले की त्या नाक मुरडतात. बरोबरच आहे, त्या साली सरकारने नाण्यातली चांदी ९२.५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली. १९४७ पासून तर चांदीच नाही. ती मी दाखवतच नाही.

लक्ष्मीपूजनाला मात्र पेच पडला. पाटावर चांदी हवी आणि चांदीला पंचामृताचं स्नान हवं. दही, मध आणि १७९७ ची चांदी! रात्री उशिरापर्यंत वाटाघाटी झाल्या. अखेर ठसा मारलेला डॉलर प्लास्टिकच्या बंद डबीसकट न्हाऊन निघाला. कुंकू डबीवरच लावायचं ठरलंय. दोघांपैकी कुठल्या राजाला, यावर अजून एकमत व्हायचंय.