हातचं पाणी

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या घरच्या ग्रुपवर एकदम ४३ फोटो येऊन पडले. शहापूर तालुक्यातला एक पाडा, सारवलेलं अंगण, रांगेत बसवलेली मुलं, प्रत्येकाच्या हातात फराळाचं पाकीट, मागे मंडळाचा फ्लेक्स. फ्लेक्सवर वर दत्तगुरू आणि खाली आठ जणांचे हसरे चेहरे, त्यात माझा भाऊ. एका फोटोत एक लहान मुलगी हातातल्या चकलीकडे बघतेय आणि तिच्या डोक्यावरून तीन मोबाइल पुढे आलेत.

त्याच फोटोखाली माझ्या भाचीनं लिहिलं, "बाबा, हिला विचारलं होतं का, फोटो काढू का म्हणून?"

मग जे सुरू झालं ते भाऊबीजेपर्यंत पुरलं. काका म्हणाले, निदान जातायत तरी, तुम्ही घरात बसून काय करता? मावसभाऊ म्हणाला, देवाचं नाव लावायचं, पुण्य खिशात आणि फोटो ग्रुपवर. त्यावर कुणीतरी तीन हात नाक्याच्या गुरुद्वाराच्या लंगरचा दाखला दिला, कुणीतरी मिशनरी काढले, आणि शेवटी नेहमीप्रमाणे खारघर निघालं. १६ एप्रिल २०२३ ला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात आप्पासाहेब धर्माधिकारींचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, भर उन्हात बसले होते आणि उष्माघातानं १४ जण गेले. तेव्हापासून आमच्याकडे भक्ती आणि गर्दी हे शब्द एकत्र आले की खारघर येतंच. येऊ नये असं मी म्हणत नाही. पण त्याच श्रीसदस्यांना मी ठाण्यातले रस्ते झाडताना पाहिलंय, आणि त्यांना हसणाऱ्यांच्या हातात झाडू पाहिलेला नाही. माझ्याही हातात नाही.

मी मध्ये तोंड घातलं तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, तू एर्लांगनला बसून काय सांगतेस?" बरोबरच आहे, मी राहते जर्मनीत. लग्नाला न जाता जेवणाला नावं ठेवण्यातला हा प्रकार. म्हणून ग्रुपवर गप्प बसले आणि इथे लिहितेय.

आमचे बाबा स्वाध्यायी होते, पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या स्वाध्याय परिवारातले. आठवल्यांनी १९५६ साली ठाण्यात तत्त्वज्ञान विद्यापीठ काढलं, घोडबंदर रस्त्यावर, तेव्हा तो रस्ता म्हणजे जवळजवळ जंगलच. बाबा त्यानंतर कितीतरी वर्षांनी ओढले गेले. सरकारी कचेरीतली कारकुनी, त्यातून महिन्याचा एक शनिवार-रविवार काढून भक्तिफेरीला जायचं. फेरीचे नियम त्यांना तोंडपाठ होते: तिकीट स्वतःच्या पैशाचं, भाकरी स्वतःच्या घरची, गावातून काहीही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही. काही वाटायचंही नाही. घरोघर जायचं, बसायचं, बोलायचं. तुझ्यात जो देव आहे तोच माझ्यात आहे, एवढंच भांडवल. आणि हे समोरच्याच्या उद्धारासाठी चाललंय असंही नव्हतं. स्वतःच्या विकासासाठी जातो, असं बाबा उघड म्हणायचे. लहानपणी मला ते विचित्र वाटायचं. मग त्या लोकांना काय मिळतं?

१९८६ च्या दिवाळीच्या सुट्टीत बाबा मला बरोबर घेऊन गेले. मी दहा वर्षांची. लोकलनं आसनगाव, तिथून एसटी, मग तासभर चाल. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती आणि पाण्यासाठी माझीच शाळेची वॉटरबॅग. ठाकरांचा पाडा होता. पहिल्या घरात म्हातारीनं तांब्या पुढे केला, बाबा हात जोडून म्हणाले, राहू दे माय, आहे आमच्याकडे. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरात एक म्हातारा तांब्या घेऊन नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "आमचे हातचा पानी चालत नाय काय?"

बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. कुणावर भार पडू नये म्हणून केलेला नियम, त्यात खोट काहीच नव्हती. पण त्या अंगणात शहरातून आलेल्या पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसानं पाणी नाकारण्याला एक जुना अर्थ होता. तो अर्थ म्हाताऱ्याला ठाऊक होता, बाबांना त्या क्षणापर्यंत सुचलाही नव्हता. त्यांनी तांब्या घेतला. बाबा घरी नेहमी वरून पाणी पीत, भांड्याला ओठ लावत नसत. त्या दिवशी तोंड लावून प्यायले. मग मलाही दिलं.

परतताना एसटीत बराच वेळ गप्प होते. आसनगाव आल्यावर म्हणाले, "आणि मी चाललो होतो त्यांना सांगायला." एवढंच. त्यानंतरही फेरीला जात राहिले, दशम्या नेत राहिले, पण कुणी पाणी दिलं तर नाही म्हणाले नाहीत. संत गाडगेबाबांची गोष्ट ते तेव्हापासून जास्त सांगू लागले. गावात शिरल्यावर आधी खराटा, मग भाकरी, आणि रात्री कीर्तन. खराट्याच्या बदल्यात का होईना, गाडगेबाबा गावाची भाकरी खात, हे माझ्या बाबांना महत्त्वाचं वाटायचं. घेतल्याशिवाय नातं जमत नाही, असं काहीसं.

आता जर्मनी.

माझ्या मुलानं इथली बारावी झाल्यावर जाहीर केलं की लगेच विद्यापीठात जाणार नाही, आधी एक वर्ष एफएसजे करणार. म्हणजे 'फ्रायविलिगेस झोत्सियालेस यार', स्वखुशीनं केलेलं समाजसेवेचं वर्ष. शाळा संपल्यापासून सत्ताविशीच्या आत कुणालाही करता येतं. हातखर्चाला थोडे पैसे मिळतात, विमा असतो, वर्षातले २५ दिवस शिबिरं. ठाण्यात ही बातमी कळली तेव्हा आईचा पहिला प्रश्न: "नापास झाला का गं?" दुसरा: "मग वर्ष फुकट?" खरं सांगते, माझ्याही मनात तेच दोन प्रश्न त्याच क्रमानं आले होते.

या वर्षाची सुरुवात आमच्यापासून फार लांब नसलेल्या एका गावात झाली, नॉयेनडेटेल्साऊ. तिथे ल्युथरन सेविकांची जुनी संस्था आहे. युद्धानंतर इस्पितळांत आणि वृद्धाश्रमांत माणसं कमी पडत होती, तेव्हा १९५४ साली संस्थेच्या प्रमुखांनी तरुण मुलींना आवाहन केलं, आयुष्यातलं एक वर्ष द्या. दहा वर्षांनी, १९६४ मध्ये, त्याचा कायदा झाला. म्हणजे मूळ चर्चचं, पुढे सगळ्यांचं. माझा मुलगा ज्या घरात होता तेही चर्चच्याच डियाकोनी या सेवासंस्थेचं, मतिमंद प्रौढांसाठीचं. त्याचा धर्म त्याला कुणी विचारला नाही. प्रार्थनेच्या वेळी तो स्वयंपाकघरात भांडी पुसायचा, त्यावरही कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

सगळं गोड होतं असं नाही. ही पोरं म्हणजे स्वस्तातले हात, अशी टीका इथेही होते आणि ती काही खोटी नाही. पहिल्या महिन्यात तो घरी आला की बोलायचा नाही. एका पन्नाशीच्या माणसाला भरवायचं काम त्याच्याकडे होतं. तो माणूस दर तिसरा घास थुंकायचा. एका जेवणाला चाळीस मिनिटं. "आई, मला त्याचा राग येतो," असं एकदा म्हणाला आणि रडला. फेब्रुवारीत कधीतरी त्याला कळलं की त्या माणसाला चमचा उजवीकडून आलेला दिसत नाही. डावीकडून दिला तर थुंकत नाही. तिथल्या जुन्या बाईंना हे ठाऊक होतं. विचारलंस का नाही, म्हणाल्या.

वर्ष संपल्यावर तो साधू झाला वगैरे नाही. आजही बशी सिंकमध्ये तशीच टाकतो. पण पुढच्या डिसेंबरात ठाण्याला गेलो तेव्हा एक गोष्ट पाहिली. आईला जिना उतरताना आम्ही सगळे दंडाला धरून ओढत असतो, प्रेमानंच, आणि ती वैतागत असते. हा एक पायरी खाली जाऊन उभा राहिला आणि फक्त कोपर पुढे केलं. आईनं ते धरलं आणि आपल्या चालीनं उतरली. मी विचारलं, हे कुठून? म्हणाला, "आपण धरायचं नसतं. त्यांनी धरायचं असतं."

वर्ष फुकट, हे वाक्य आईनं पुन्हा काढलं नाही.

इथली आणखी एक संस्था मला फार दिवस खुणावते आहे. नाझींच्या काळात मतिमंद आणि मनोरुग्णांची सरकारी हत्या चालू होती. तिला उघड विरोध करणारा एक न्यायाधीश होता, लोथार क्रायसिग. त्यानं १९५८ साली बर्लिनमध्ये, इव्हँजेलिकल चर्चच्या धर्मसभेत, एक आवाहन वाचलं. त्यातून 'आक्त्सिओन झ्यूनेत्साइखेन' उभी राहिली, प्रायश्चित्ताची खूण असा तिचा अर्थ. जर्मन तरुण-तरुणींनी त्याच देशांत जायचं ज्यांना जर्मनीनं उद्ध्वस्त केलं, आणि तिथे हातानं काम करायचं. आवाहनाची भाषा मदत करायला येतो अशी नव्हती, विनंतीची होती: आमच्या हातून तुमच्या देशात काही चांगलं घडू द्याल का? समोरचा नको म्हणू शकतो, हे त्या वाक्यात गृहीत धरलेलं आहे. पहिली पथकं नॉर्वे, हॉलंडकडे गेली. पुढे इस्रायलमध्येही गेली.

तुलना करायचा माझा इरादा नाही. शहापूरच्या पाड्यावर आपण बॉम्ब टाकले नाहीत. पण शहापूर तालुक्यात काय आहे? तानसा धरण आहे, १८९२ सालचं. भातसा आहे. मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसाचं, आणि आज आमच्या ठाण्याच्या नळालाही तेच येतं. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते, हे ठाण्याच्या पेपरात दर उन्हाळ्यात छापून येतं, तेच फोटो, हंड्यांची तीच रांग. म्हणजे १९८६ साली त्या म्हाताऱ्यानं विचारलं, आमच्या हातचं पाणी चालत नाही काय. चालतं की. रोज चालतं. आम्ही त्याच्यावरच वाढलोय, फक्त तांब्या कुणाचा ते कधी विचारलं नाही.

म्हणून भाऊ आणि मावसभाऊ यांच्या भांडणात मला दोघांचंही पटत नाही. लोक स्वतःसाठी जातात, असा मावसभावाचा आरोप आहे. असेना का. बाबाही स्वतःसाठीच जात होते आणि तसं सांगत होते. माझा मुलगासुद्धा त्या घरातल्या माणसापेक्षा स्वतःच जास्त बदलला. देवामुळे गेला की सर्टिफिकेटमुळे गेला, याचा हिशेब मी करत बसत नाही. उलट देवाचा एक फायदा मी पाहिलाय. कंटाळा आला, पाऊस लागला, तरी नेम आहे म्हणून माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा जातो. नुसती हौस दुसऱ्याच फेरीला आटते.

माझी हरकत भावाच्या घाईला आहे. सकाळी सातला बस, अकराला वाटप, दीडला जवळच्याच रिसॉर्टवर जेवण, पाचला परत. कुणाच्या घरात बसले नाहीत. कुणाचं पाणी प्यायले नाहीत, बिसलेरीचे दोन बॉक्स बरोबर होते. दिवाळीत जायचं, कारण तेव्हा फराळ असतो आणि हवा छान असते. मे महिन्यात जायचं कुणाला सुचत नाही. आपण ज्याच्या अंगणात पुण्य कमवायला जातो त्याचं निदान नाव तरी माहीत असावं. मी भावाला फोनवर विचारलं, त्या चकलीवाल्या मुलीचं नाव काय? म्हणाला, "अगं, दोनशे पाकिटं होती." त्याचंही बरोबर. दोनशे नावं एका दिवसात कोण लक्षात ठेवणार? पण मग पाकिटं वीस का नसावीत?

हे त्याला आवडलं नाही. भाचीला आवडलं. तिनं म्हणे मंडळाच्या बैठकीत जाऊन सांगितलं की पुढची फेरी मे महिन्यात ठेवा आणि आधी दोघं-तिघं जाऊन पाड्यावरच्या बायकांना विचारून या, काय हवंय. मंडळातल्या एका आजोबांनी तिला पाठिंबा दिला, बाकीचे म्हणाले मेमध्ये सगळे गावाला जातात. तरी डिसेंबरात विचारायला जायचं ठरलंय. चौघं तयार आहेत. त्यात माझा भाऊ आहे, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

मग म्हणाली, "आत्या, तू तेव्हा इथेच असशील ना? आजोबा गेले होते तो पाडा तुला सापडेल?"

सोळा वर्षांत मी आठ वेळा ठाण्याला गेले. दर वेळी तीन आठवडे. गोखले रोडवरची खरेदी, दातांचा डॉक्टर, दोन लग्नं, एकदा गणपतीपुळे. आसनगावच्या पुढे एकदाही नाही. पाड्याचं नाव मला आठवत नाही. फक्त एसटीतून उतरल्यावर डाव्या हाताला एक मोठा उंबर होता आणि त्याच्याखाली बाबांनी वॉटरबॅग माझ्या खांद्याला अडकवली होती, एवढं आठवतं.

तिकीट वीस डिसेंबरचं आहे. तिला अजून हो म्हटलेलं नाही.