लघुपटाला संगीत देऊ पाहणाऱ्यांस हितोपदेश

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हल्ली ज्याच्या हाती बरा कॅमेरा आला तो लघुपट काढतो, आणि त्या लघुपटांना पार्श्वसंगीतही लागते. ही उणीव आपणच भरून काढावी असे आपल्या मनाने घेतले असेल, तर पुढील उपदेश शिरोधार्य मानावा.

संकलन पक्के होईपर्यंत थांबणे हे आळशाचे लक्षण आहे. पहिला कच्चा कट हाती येताच त्याच रात्री जागून आईच्या उसाशावर नेमकी सतारीची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा स्वर, बसवावी. पुढच्या आठवड्यात संकलक सुरुवातीचे काही सेकंद कापून टाकील आणि तीच मींड गोठ्यातल्या म्हशीवर पडेल. त्यास प्रयोगशीलता म्हणावे. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम्सची की २५ ची, हेही विचारू नये. २४ ची फिल्म २५ च्या गतीने चालवली गेली, तर दहा मिनिटांत २४ सेकंदांचा फरक पडतो हे खरे, पण मैत्रीत असले हिशेब कोण करतो?

दिग्दर्शकाशेजारी बसून फिल्म पाहावी आणि संगीत कुठे सुरू व्हावे, कुठे थांबावे, कुठे मुळीच नसावे हे आधी ठरवावे, अशी एक रीत आहे. तिला फाटा द्यावा. एखादे दृश्य मोकळे सोडले तर आपण त्या दिवशी कामाला आलोच नाही असे लोक समजतील. माणसाच्या बोलण्यातली व्यंजने साधारण एक ते चार किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात स्पष्ट होतात; नेमक्या त्याच पट्ट्यात व्हायोलिनांचा ताफा उतरवला, की मराठीत कानडी मिसळून बोलणारी आपली पात्रे काय म्हणाली ते कोणालाच कळत नाही आणि सबटायटल करणाऱ्याच्या पोटाची सोय होते.

कथा वडगावच्या विणकराची असली, तरी मागाचा खटका जवळून ध्वनिमुद्रित करावा, त्याच्याच लयीवर ठेका रचावा, किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवर वाजणारे चौंडके हे तंतुवाद्य ऐकून यावे, असले विचार मनात आणू नयेत. लंडनचा आख्खा वाद्यवृंद संगणकावर फुकट उतरवून घेता येत असताना उन्हात कोण हिंडणार? याच जिल्ह्यात सुळेभावीला १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी पुढे माळव्यातल्या लोकधुनांतून राग शोधले, असा दाखला कोणी दिलाच, तर ‘ते शास्त्रीय झाले, आमचे सिनेमाचे’ असे म्हणून विषय बदलावा.

संकलन करताना दिग्दर्शकाने कुठल्यातरी गाजलेल्या चित्रपटाचे संगीत तात्पुरते खाली लावलेले असते. महिनाभर तेच ऐकून तो त्याच्या प्रेमात पडतो आणि आपल्याला सांगतो, ‘अगदी असंच पाहिजे, खरं वेगळं कर बघ.’ त्या दृश्याला खरोखर काय हवे आहे, असे उलट विचारू नये. दोन सूर इकडचे तिकडे करावेत आणि नोटीस येईल तेव्हा पाहावे.

मोबदल्याचा विषय बेळगावची मिठाई जो कुंदा तो समोर येईपर्यंत काढू नये, आणि कुंदा आल्यावर तोंड भरलेले असल्यामुळे काढता येत नाही. करार तर नकोच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच सोपवता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असे मानले जाते. २०१२ च्या दुरुस्तीने तर कहरच केला: चित्रपटगृहाबाहेर फिल्म दाखवली गेली, तर त्या रॉयल्टीतला आपला समान वाटा निर्मात्याला देऊन टाकण्याची सोयही काढून घेतली. कलावंताच्या दिलदारपणावर सरकारने घातलेला हा घाला आपण व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा पाठवून परतवावा.

शेवटी सगळे संगीत एकाच एमपीथ्रीत कोंबून पाठवून द्यावे. ध्वनिमिश्रण करणारा बासरी वेगळी, तालवाद्ये वेगळी आणि तंतुवाद्ये वेगळी मागेल, म्हणजे संवाद आले की त्याला हवे तेवढेच खाली घेता येईल. त्याला मूळ फाइली पुसल्याचे कळवावे. पुढच्या लघुपटाला तोच दिग्दर्शक दुसऱ्या कोणाकडे गेला, तर सीमाभागात कलेची कदर नाही, हे वाक्य तयार ठेवावे.