ल्यूटला गिटारचा उजवा हात चालत नाही

‘गिटार येते ना? मग ल्यूट आलीच. उजवा हात जसाच्या तसा ठेवा.’ ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्याबद्दल हा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळण्यात माझी दोन वर्षं गेली, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणणं असं, की दोन्हीकडे बोटांनीच तर छेडायचं. पण पंधराव्या शतकात ल्यूट बहुतांशी पिसाच्या कलमाने वाजायची. शतक सरताना वादकांनी पीस टाकलं, हाताची सवय मात्र तीच ठेवली. हात तारांना जवळजवळ समांतर, करंगळी तबलीवर, म्हणजे वाद्याच्या पुढच्या लाकडी पाटीवर टेकलेली, अंगठा बोटांच्या आतून तळव्याकडे जाणारा. अंगठा खाली, तर्जनी वर. एक आघात जोरकस, दुसरा हलका. सतारीचा दा-रा ऐकलेल्यांना ही चाल लगेच उमगेल. जुन्या टॅब्लेचरमध्ये, म्हणजे ल्यूटच्या स्वरलेखनात, खुणेखाली दिसणारा ठिपका म्हणजे ‘इथे तर्जनी’. गिटारवर तर्जनी आणि मधलं बोट सारख्या वजनाने पडावं म्हणून आपण महिनोन्‌महिने रियाज करतो. जो फरक तिथे घासून काढायचा, त्यावरच इथे सुरावट बोलते.

दुसरं, नखांनी आवाज खुलतो. गिटारवर खुलतो. ल्यूटच्या तारा जोडीजोडीने असतात. नख आधी एका तारेला लागतं, मग दुसरीला, आणि कानाला टक-टक असे दोन आवाज येतात. पेराचं मांस दोन्ही तारा एकदम दाबून सोडतं. इटालियन ल्यूटवादक पिच्चिनीनी यांनी १६२३ मध्ये नखांची बाजू घेतली होती, हे मान्य. पण १६७६ मध्ये इंग्रज ल्यूटवादक थॉमस मेस यांनी कौल मांसाला दिला. आणि गिटारची तरी एकच रीत कुठे आहे? एकोणिसाव्या शतकातले गिटारवादक फर्नांदो सोर नखांशिवाय वाजवत, त्यांचे मित्र आग्वादो नखांनी.

अंगठा आत हा कायमचा नियम नव्हता, हेही खरं. १६०० च्या सुमारास खर्जाच्या तारा वाढल्या आणि अंगठा बाहेर आला. करंगळी मात्र तबलीवरच राहिली.

‘मग ज्युलियन ब्रीम?’ हे इंग्रज गिटारवादक नखांनी, गिटारच्याच हाताने ल्यूट वाजवत. मला ल्यूटची ओढ त्यांच्यामुळेच लागली. पण त्यांची वाद्यं जड बांधणीची होती. हलक्या ल्यूटवर तेवढाच जोर लावला की तार फटकारते आणि सूर फाटतो.

नखं कापा, करंगळी टेकवा आणि एकाच जोडीवर अंगठा-तर्जनी सावकाश चालवा. दोन्ही तारा एका दमात बोलल्या, की हाताला कळतंच.