सलाइन सोनोग्राफीत गर्भाशय सैल होत नाही
नाशिकरोड-सिडकोतल्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत मेसेज फिरतोय : सलाइन सोनोग्राफीत पूर्ण भूल देतात, बाटलीभर पाणी भरतात आणि गर्भाशय कायमचं सैल पडतं.

हे साफ चूक आहे. या तपासणीत बारीक, मऊ नळीतून गर्भाशयात निर्जंतुक सलाइन म्हणजे मिठाचं पाणी सोडून सोनोग्राफी करतात, तेही सहसा ५ ते ३० मिलिलिटर. त्यामुळे आतली पोकळी उघडते आणि पॉलिप (अस्तरावरची छोटी वाढ) किंवा फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूची गाठ) स्पष्ट दिसतात. भूल सहसा लागत नाही. पाळीसारखी कळ मात्र येते, कुणाला जास्तही; ती सोसत बसू नका, तिथेच सांगा. पाणी नंतर गळतं, म्हणून पॅड सोबत न्या. दिवस गेल्याची शंका असेल तर आधीच सांगा, मग ही तपासणी करत नाहीत. नंतर ताप आला किंवा स्रावाला दुर्गंधी आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.