ओट्यामागची काजळी

पुरातत्त्व म्हटलं की आपल्याला घारापुरी आठवते, कान्हेरी आठवते, फार तर सोपाऱ्याचा स्तूप. लालबाग-परळ कुणाला आठवत नाही. पण मुंबईत आज सगळ्यात घाईचं पुरातत्त्वाचं काम कुठे असेल तर ते गिरणगावात आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कान्हेरीची लेणी पुढच्या वर्षीही तिथेच असतील. चाळी नसतील.

अडचण कायद्यापासून सुरू होते. 1958 च्या कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरायला वास्तू किमान शंभर वर्षं जुनी लागते. 1972 च्या कायद्यात पुराणवस्तूलाही शंभरीचीच अट आहे, हस्तलिखितांना तेवढी 75 वर्षांची सवलत. म्हणजे 1982 च्या गिरणी संपाआधी कुणा साचेवाल्याच्या (माग चालवणाऱ्या कामगाराच्या) खिशात असलेला गिरणीचा बिल्ला आज कायद्याच्या लेखी निव्वळ भंगार. बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या चाळींचं तर दैवच बघा. 1920 च्या दशकात उभ्या राहिल्या, आणि शंभरी भरते न भरते तोच हातोडा पडायला लागला. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून 207 इमारती, खोली 160 चौरस फुटांची.

कुणी अंगावर येण्याआधी सांगून टाकतो, पुनर्विकासाला माझा विरोध नाही. चाळीत वाढलोय. सकाळी बालदी घेऊन संडासच्या रांगेत उभं राहण्यात रम्य काही नसतं, आणि चाळीचं कौतुक हल्ली चाळ सोडून गेलेलेच जास्त करतात. 500 फुटांचं घर मिळत असेल तर ते मिळालंच पाहिजे. माझं भांडण आहे ते खोली रिकामी होणं आणि ती पाडली जाणं, या मधल्या दिवसांसाठी.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने मध्यंतरी चाळीतली खोली सोडली. सामान हलवल्यावर ओट्याची कडाप्पा कुणीतरी काढून नेली होती, मागच्या टाइल्सही निघाल्या होत्या. त्यांच्यामागे भिंतीवर काजळीचा मोठा काळा पट्टा. पण तो ओट्याच्या उंचीवर नव्हता, जमिनीपासून जेमतेम गुडघ्यापर्यंत होता. म्हणजे ओटा येण्याआधी तिथे खाली स्टोव्ह होता, कदाचित त्याआधी शेगडी, आणि घरातली बाई बसून स्वयंपाक करायची. मग कधीतरी गॅस आला, ओटा आला, बाई उभी राहिली. हा बदल हजारो घरांत झाला. तो कुठल्या जनगणनेत आहे? कुठल्या युनियनच्या अहवालात आहे? त्या भिंतीवर होता. चौकटीजवळ रंगाचा पोपडा उडालेला, त्यात हिरव्या ऑइलपेंटखाली निळा चुना, त्याखाली पिवळा. छताला पाळण्याची कडी, तिच्यावरही तेच रंग, त्याच क्रमाने. म्हणजे कडी निळ्या चुन्याच्याही आधीची. उत्खननात थर वाचतात म्हणजे याहून वेगळं काय करतात?

हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. अमेरिकेत विल्यम राथजे या पुरातत्त्वज्ञाने 1973 पासून टूसॉन शहरातला ताजा कचरा शास्त्रशुद्ध चिवडला. लोक आम्ही इतकीच बिअर पितो म्हणून सांगायचे, आणि कचऱ्यातले डबे वेगळंच सांगायचे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या मंडळींनी 2006 साली 1991 ची एक फोर्ड ट्रान्झिट व्हॅन एखाद्या स्थळासारखी पद्धतशीर ‘खोदली’. आपल्याकडे असलं कुणी केलं तर लोक हसतील. हसू द्यात.

गिरण्यांचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्या संपावर नेत्यांची भाषणं आहेत, कोर्टाचे कागद आहेत, वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत. नाहीत ती घरं. फीनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात शोभेला उभी आहे, पण चिमणीत कुणी राहत नव्हतं. एकेका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा गडी पाळीपाळीने कसे झोपायचे, ट्रंका कुठे ठेवायचे, खानावळवाल्या बाईच्या घरात इतकी ताटं मांडायला जागा कुठून यायची, हे खिळ्यांच्या, फळ्यांच्या आणि माळ्यांच्या खुणांवरून समजू शकतं. तेवढंच राडारोड्यात जातं.

आणि ‘एवढ्यातलं’ म्हणजे वारसा नाही, असं कुणी म्हणू नये. 2018 साली युनेस्कोने ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या इमारती जागतिक वारसा यादीत घेतल्या. त्यातल्या पश्चिमेकडच्या आर्ट डेको इमारती 1930 च्या दशकातल्या आणि पुढच्या. बीडीडी त्यांच्यापेक्षा थोरल्या. तेव्हा वयाचा मुद्दा मला सांगू नका. कोण राहत होतं, हा मुद्दा आहे.

(देवनारच्या कचराभूमीबद्दल कधीतरी वेगळं लिहीन. 1927 पासून साचत आलेली ती या शहराची सगळ्यात मोठी पांढर, म्हणजे जुन्या वस्तीच्या अवशेषांचं टेकाड आहे. तिथल्या थरांना हात घालताना एखादा तरी पुरातत्त्वाचा विद्यार्थी शेजारी उभा असावा, एवढीच इच्छा.)

मागणी साधी आहे. इमारत पाडायची परवानगी देताना नोंदणीची अट घाला. प्रत्येक खोली नको, मजल्यावरच्या दोन पुरेत. मोजमापं, फोटो, रंगांच्या थरांचे नमुने, राहणाऱ्यांशी तासभर बोलणं. आठवड्याभराचं काम आहे, टॉवरच्या हिशोबात त्याचा खर्च चहापाण्यात जाईल.

अट येईल तेव्हा येईल. ज्यांची खोली येत्या महिन्यांत रिकामी होणार आहे त्यांनी शेवटचा ग्रुप फोटो काढून झाला की माणसांना गॅलरीत पाठवा आणि चारही भिंतींचे, छताचे, मोरीचे सरळ समोरून फोटो घ्या. फोटोत फूटपट्टी किंवा मोजायची टेप दिसू द्या, नाहीतर उंची कळत नाही. माळ्यावरचं आधी मला दाखवा, भंगारवाल्याला नंतर. ओटा फोडणार असाल तर त्या दिवशी मला फोन करा, मी येतो.