पीटीआरमधलं कॅपिटल अक्षर मेल अडवत नाही

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या आपल्या मंडळींत एक मेसेज जोरात फिरतोय: 'पीटीआरमध्ये एक जरी कॅपिटल अक्षर असलं तरी रिव्हर्स लुकअप फसतो आणि मेल परत येतात. आपल्या सर्व्हरवर रिव्हर्स झोन स्मॉल अक्षरांत नव्याने बनवा. लॉगमध्ये लहान-मोठी अक्षरं मिसळलेली दिसली तर सर्व्हर हॅक झालाय.' हे वाचून कुणी चालू झोन पुसू नये, म्हणून लिहितोय. नवख्यांसाठी: डीएनएस म्हणजे नावं आणि आयपी पत्ते जुळवणारी यंत्रणा, आयपीवरून नाव शोधणं म्हणजे रिव्हर्स लुकअप, ते नाव सांगणारी नोंद म्हणजे पीटीआर आणि अशा नोंदींचा संच म्हणजे रिव्हर्स झोन.

रिव्हर्स लुकअपमध्ये शोध आकड्यांवर होतो. २०३.०.११३.२५ साठी आकडे उलट क्रमाने लावून २५.११३.०.२०३.इन-अ‍ॅडर.आर्पा हे नाव विचारलं जातं. होस्टनाव उत्तरात येतं, ते शोधात नसतंच. शिवाय १९८७ च्या मूळ मानकापासूनच डीएनएस लहान-मोठं अक्षर एकच धरतं. २००६ च्या आरएफसी ४३४३ या इंटरनेट मानकाने ते आणखी स्पष्ट केलं. आयपीव्ही६ पत्त्यांतल्या ए ते एफ अक्षरांनाही हेच लागू.

लॉगमधली मिसळ बहुतेकदा मुद्दाम केलेली असते. गूगल पब्लिक डीएनएससारखे रिझॉल्व्हर (आपल्या वतीने डीएनएसची उत्तरं शोधणारे सर्व्हर) प्रश्नातली अक्षरं उलटसुलट करतात आणि उत्तरात तशीच परत आली का बघतात. खोटं उत्तर घुसवणं त्याने अवघड होतं. म्हणजे मेसेज ज्याला घुसखोरी म्हणतोय, तो बंदोबस्त आहे.

मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच: उत्तरातलं नाव जसंच्या तसं ताडून पाहणारा प्रोग्राम अडू शकतो. केर्बेरॉस या लॉगिन-पडताळणीच्या पद्धतीत प्रिन्सिपलची, म्हणजे युजर आणि सेवांची, नावं केस-सेन्सिटिव्ह असतात, लहान-मोठं अक्षर वेगळं धरतात. कीटॅबमध्ये (सर्व्हरवरच्या किल्ल्यांच्या फाइलमध्ये) होस्टनाव कॅपिटलमध्ये आणि क्लायंटने मागितलं स्मॉलमध्ये, की जुळत नाही. आपल्या शेल स्क्रिप्टचंही तेच. तिथे दोन्ही नावं आधी स्मॉल करा आणि डिग या डीएनएस तपासायच्या कमांडच्या उत्तरातला शेवटचा टिंबही काढा. माझ्या मते अक्षरांपेक्षा तो टिंबच जास्त फसवतो.

मेल परत येण्याचं कारण बहुधा निराळं असतं. समोरचा सर्व्हर आयपीवरून नाव काढतो, मग त्या नावावरून तोच आयपी परत मिळतो का पाहतो. आणि स्टॅटिक आयपीचा रिव्हर्स झोन सहसा इंटरनेट कंपनीच्या ताब्यात असतो. तो तुमच्याकडे डेलिगेट केलेला, म्हणजे सोपवलेला, नसेल, तर तुमच्या सर्व्हरवर कितीही सुबक झोन बनवा, बाहेरचं कुणी तिथे विचारायला येणारच नाही. आधी बाहेरच्या रिझॉल्व्हरवरून डिग -एक्स चालवा, आलेल्या नावाचा ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) तपासा. जुळत नसेल तर कंपनीला आयपी आणि होस्टनाव लेखी कळवून पीटीआर बदलून घ्या.